वीस मिनिटांची झोप

हसू नका बे, पण माझ्या झोपेपायी एकदा दाराची कडी तोडावी लागली. पाटोद्यात खोली करून शिकत होतो तवा. ब्लॉगवर जाहिरातीचे पैसे मिळतील म्हणून एक प्रयोग लिहायला घेतलता: दर चार तासांनी फक्त वीस मिनिटं झोपायचं. सातव्या दिवशी दुपारी गजर वाजून वाजून थकला, मी काय उठलो न्हाई. नेमके त्याच दिवशी माझे वडील, आण्णा, ऊसतोडीवरून परतताना मला भेटायला आलते. दार बडवून दमले आन् शेवटी त्यांनी कडीच तोडली.

डोळे उघडले तर आण्णा माझ्या नाकापुढं बोट धरून वाकलेले. मी हललो तसे मटकन खाली बसले.

"आजारी हायस का?"

सगळं सांगितलं. वाटलं, आता कानाखाली बसतीय. तर आण्णा हसायलेच.

"आरं, उसाच्या फडात आमी असंच झोपतो. ट्रक आला की उठायचं, भरून दिला की पडायचं. त्याचा प्रयोग कशाला करायलास?"

"लोक वाचतात, आण्णा."

"मग लिव, 'माझ्या बापाला सलग झोपायची लई हौस हाय.'"

त्यांनीच गजर बंद केला आन् माझ्या शेजारी आडवे झाले. आमी दोघं उठलो ते थेट दुसऱ्या दिवशी.