मालक दुसऱ्यांदा पूजेला बसायचे

मंडळी, सगळ्यांना हात जोडून शरणु शरणार्थी. पाण्याचा टँकर यायच्या वेळेला तुम्ही सगळे घागरी तशाच ठेवून इथं आलात. बायकोनं नवऱ्याच्या शोकसभेत बोलायची आपल्यात रीत न्हाई. तरी बोलते. आज न्हाई बोलले तर कधीच बोलायची न्हाई.

मालकांना तुम्ही ओळखता. डाळीचा धंदा, अंगानं भारी, साखरेचा आजार जुना. उस्मानाबादेतनं फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, तरी हे कचेरीच्या कामाला उस्मानाबादच्या गाडीत जाऊन बसायचे. आपण हसलो. तेव्हा जुना जिल्हा सगळ्यांच्याच तोंडात होता, म्हणून मीही हसले. मग डॉक्टर म्हणाले, "वजन अन् साखर लई वर्षं ऱ्हायली की डोक्यावरही परिणाम होतो, आक्का."

आपल्यात लिंगपूजेबिगर कुणी घास घेत न्हाई. मालक पूजा करायचे, जेवायचे, अन् घटकाभरानं पुन्हा हातपाय धुऊन पूजेला बसायचे. मग म्हणायचे, "वाढ." मी म्हणायची, "आत्ताच जेवलात की!" ते म्हणायचे, "पूजा तर आत्ता झाली. मग जेवलो कधी?"

अन् खरंच, कपाळावरचं भस्म ओलं असायचं.

मग ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "घरात जेवू घालत न्हाईत." साल दुष्काळाचं. तुम्हाला खरं वाटलं. कुणी पेढा दिला, कुणी शिऱ्याची वाटी, कुणी गोड चहा. माया होती तुमची, मला कळतंय. पण माझ्या दारात यायचं तुम्ही सोडलं. हापशावर बायका माझ्याशी बोलेनात. घागर भरायची अन् गुमान घरी यायचं. घरात मालक, तर त्यांनाही माझी ओळख न्हाई.

मंडळी, मी त्यांना उपाशी ठेवलं न्हाई. एक दिवस न्हाई. एक वेळ न्हाई. मला लई राग होता तुमचा. अजून हाय.

शेवटी शेवटी मला अहोजाहो करायचे. एकदा मी वाढत होते, तर त्यांनी हळूच विचारलं, "बाई, एवढ्या मोठ्या घरात तुम्ही एकट्याच राहता?"

मी म्हणलं, "न्हाई हो. आमचे मालक हायत की."

"मग बरं," म्हणाले, अन् निवांत जेवले.

आता हेच कुणी विचारलं, तर मी काय सांगू?

थोडा वेळ सगळे गप बसू या. मालकांसाठी. अन् जमलं तर जरा माझ्याजवळ सरकून बसा. शरणार्थी.