कोरडी खोली

दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या एका शिंपीणबाईंच्या बाकावरच एक बहीण-भाऊ बोलत होते. दोघांच्या मध्ये त्यांची आई खोकत बसली होती.

"शंभर वर्षांपूर्वीची लष्करी रायफल आहे, ताई! लाकूड मूळचं, पट्टासुद्धा मूळचा. एक तरी ओरखडा दाखव."

"ठेवलीस कुठे?"

"मागच्या खोलीत. घरात तेवढीच कोरडी. ओल लागली की लाकूड फुगतं, नळीला गंज चढतो."

"अरे, ती आईची खोली ना?"

"आईला पुढच्या खोलीत हलवलंय."

"तिथल्या भिंतींना तर बुरशी येते!"

"दोनच महिने झालेत."

"आणि हा खोकला कधीपासूनचा?"

"असेल तेवढाच."

आईने रुमालाने तोंड पुसलं.

"जाऊ दे गं. त्या रायफलीला बघायला कुठून कुठून माणसं येतात. मला बघायला कोण येतंय?"