अर्धा कोयता

(महागावजवळच्या तांड्यावरची शाळा, जेवणाची सुट्टी. सातवीच्या वर्गात दीपा मॅडम, ममता आणि आज सकाळीच ऊसतोडीवरून आलेले तिचे वडील देवीलाल.)

दीपा : सांगितलं ना देवीलालभाऊ, शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं पुस्तक संपलं.

देवीलाल : मंग टेबलावर ते जाडजूड काय हाय?

दीपा : ते… हजेरीचं.

देवीलाल : मॅडम, तुमाले खोटं बोलता येत नाही. हिच्या मायचा, पुष्पीचा फोन आलता काय?

ममता : मले आलता, बा. आत्याच्या मोबाइलवर. याडी म्हणे, तुहा बा दाखला काढाले येऊन राह्यला, मॅडमले सांग पुस्तक संपलं म्हणा.

देवीलाल : पाहा! तिकडं तोडीवर पाचटाच्या कोपीत हाताले प्लास्टर घालून बसली, अन् इकडं हे राजकारण!

दीपा : आईलाच नको आहे, तरी नेणार? परीक्षा तीन महिन्यांवर आली. मागच्या साली तिघी गेल्या. तांड्यावर परत आल्या, शाळेत एकही नाही.

देवीलाल : मले का हौस हाय? नवरा-बायको मिळून एक कोयता. पुष्पीचा हात मोडला, मी राह्यलो अर्धा. मुकादम म्हणे, जोडी आण, नाहीतर घरी जाय.

ममता : बा, शंकरसिंगकाका तिकडंच हाय?

देवीलाल : हाय ना. बायको बाळंतपणाले माहेरी गेली. तो बी अर्धाच. रोज बोलणी खाते.

ममता : अर्धा अन् अर्धा एक होते.

देवीलाल : काय?

ममता : अपूर्णांक हाय, बा. पाचवीतला.

देवीलाल : मी चौथीतच तोडीवर गेलतो. कागदावर होत असन एक. दोघंबी माणसंच, तर मोळ्या कोण बांधीन? ते बायांचं काम. अख्खी टोळी हासन.

दीपा : हसू द्या.

देवीलाल : तुमाले बोलाले काय जाते!

दीपा : चार दिवस हसतील अन् गप्प बसतील. ही गेली तर गेलीच. मला राग येतो हो भाऊ. तुम्हाला लाज वाटते म्हणून हिनं शाळा सोडायची?

देवीलाल : निस्ती लाज नाही.

ममता : मंग?

देवीलाल : मले मोळी बांधता येत नाही.

दीपा : इतकी वर्षं ऊस तोडून?

देवीलाल : मी तोडतो, ते बांधते. एकडाव बांधली मी, तर डोक्यावर घेतल्याबरोबर सुटली. पुष्पी दिवसभर हासत होती.

ममता : मले येते. दुसरीत तुमच्या संगं होती ना, तवा याडीनं शिकवलं. मॅडम, शाळेमागच्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणू? बांधाले माही ओढणी हाय.

दीपा : आण. घंटा व्हायला वेळ आहे.

ममता : ह्या घ्या, आणल्या पऱ्हाट्या. बा, बस.

देवीलाल : कुठं?

ममता : खाली. आमी बी खालीच बसतो. हं, हे असं धर. नाही, बुडाकडून. आता पीळ दे अन् खोचून टाक.

देवीलाल : सावकाश सांगजो, माय. शंकरसिंगले मलेच शिकवा लागन.