चौकाचं गेट

तुमाले माहीत हाये, माहं डोकं लवकर सनकते. सरपंचानं सांगतलं, ग्रामपंचायतीपुढच्या चौकाले कुंपन घालतो, लोखंडी गेट बसवतो. आता आपले भांडनं, बाजार, सोयरिकीच्या गोष्टी साऱ्या तिथंच होतेत ना बे!

घरी येऊन बोंबललो, तं कॉलेजातल्या पोरीनं मोबाइलवर फोटो दाखवला. "बाबा, हे जुनं रोम. मंधात मोकळा चौक, आजूबाजूले कचेरी, कोर्ट, देऊळ. लोकं इथं उभे राहून राज्यकर्त्याइले तोंडावर सुनवत."

तोच फोटो घेऊन मी सरपंचाच्या घरी गेलो. "पाह्य, त्याइनं चौक मोकळा ठेवला!"

सरपंच हासला. "तिथं आता कुंपन हाये भाऊ. तिकिटाबिगर आत सोडत नाईत."

मी तिथूनच पोरीले फोन लावला. "खरं हाये काय व?"

"हो बाबा. पन तिथं बोलनारे कवाचे मेले. कुंपन त्याच्या लय नंतर आलं."

माहा राग कुठं गेला, समजलंच नाई. हळूच म्हनलं, "सरपंच, मंग आमी मेल्यावर बसव ना गेट. आताच काऊन घाई करून राह्यला?"

आता गेट आलं हाये, पंचायतीच्या भिंतीले टेकवून ठेवलं हाये. मी रोज चौकात जाऊन बसतो. जित्ता हाओ ना मी.