साराचा उजवा हात

— न्हाई मास्तर, आत पाऊल टाकू नका. सारा भाईर येनार न्हाई. राज्याच्या संघात तिची निवड झाल्याचं तुमचं पत्र तिथंच ठिवा, फळीवर. माझी लेक कोन हाय ते मला नका सांगू. तीन सालं पुण्याच्या कॉलेजाची कप्तान, दौंडच्या रेल्वे मैदानावर फायनलला एकटीनं सव्वीस गुन केलं — ठावं हाय. हितं मिशनच्या आवारात तिला बास्केटबॉलचं पहिलं कडं मीच ठोकून दिलं, जुन्या पिंपाचं. उन्हातानात रोज दोनशे येळा त्यात चेंडू टाकायची. माझीच जिद्द उतरलीया तिच्यात.

मारलं म्हंजी — व्हय, मारलं. बापानं लेकीला मारलं, तुमचं काय गेलं? मी सुतार असलो तरी चर्चच्या मंडळीचा पंच हाय. रविवारी मी करवतीला शिवत न्हाई, माझी बायकू कृपाबाई लाकूड फोडत न्हाई. आन् ही रविवारी सांजच्याला, उपासना सुटायला अन् हिनं कप काखंत घिऊन यष्टीतनं उतरायला एकच गाठ. समदी मंडळी बघतीया. प्रभूच्या दिवशी खेळून आली — दुसरं काय समजायचं? मानगूट धरून हितं आनली, ह्या बाकावर तिचा हात दाबला आन् लाकडी मोगरी घातली. एकदा न्हाई, चारदा. कृपाबाई आडवी पडली, तिला ढकलली, तिचं डोस्कं चौकटीवर फुटलं. तीन बोटं गेली, मास्तर. हाडवैद्यानं बांधली, पर वाकडीच बसली. आता तिला वेणीबी घालता येत न्हाई, आई घालती. पर चूक तिचीच हुती. रविवार म्हंजी रविवार —

काय दावताय? सर्टिफिकीट? द्या हिकडं, मला वाचता येतं. अंतिम सामना, दौंड, चार फेब्रुवारी एकसष्ट. मग? थांबा, भिंतीला मिशनचं कॅलेंडर हाय, रविवार तांबडं छापल्यात. फेब्रुवारीत तांबडा पाच. चार म्हंजी — शनिवार. यष्टी चुकली म्हनून रातभर मेरी आत्याकडं ऱ्हायली, आसं म्हनता?

तिनं सांगितलं हुतं. दर दणक्याला वरडत हुती — शनिवार, आबा, शनिवार. मला वाटलं मार चुकवायला खोटं बोलतीया. पंचाची लेक, आन् खोटं बोलती — म्हनून जास्ती जोरात हाणलं.

आसं माझ्याकडं बघू नका. मंडळीत जाऊन सांगा — न्हाई, सांगू नका. जावा तुम्ही. जावा म्हनतो न्हवं, माझा हात उठाय लागलाय. तुमच्यावर न्हाई तर कुनावर तरी उठंल, आन् घरात त्या दोघीच हायत.