पोह्याची बशी

"पोरगी पाहाले आला, अन् पोह्याची बशी तशीच ठेवून उठून गेला, बाई!"

सौसरच्या स्टँडवर बस उभी होती. मागच्या सीटवरच्या दोन अनोळखी बाया बोलत होत्या, अन् पुढं अंबाबाई ऐकत होती.

"नापसंत असन."

"माह्या भाचीनं, मालतीनंही तसंच धरलं ना! मी काळी म्हून उठला म्हणते. तीन दिवस झाले, धड जेवून नाही राहिली."

"अन् खरं काय?"

"माहा भाऊ त्याच्या मागं गेला, तर हा टाकीजमंदी! हिरो घोड्यावरून रेल्वेवर उडी मारून राहिला, अन् हा खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या. मालतीले सांगलं, तर तिले पटतच नाही."

"पिक्चर हायेच तसं. माह्या घरचा तीनदा पाहून आला."

"पाहाचं ना मंग दुसऱ्या दिवशी! अन् रामाकोना गावची त्याची माय लय तोऱ्यात सांगे म्हणते, पोराचं पोट दुखते म्हून गेला."

अंबाबाईनं पदर कपाळावर ओढला. तेवढ्यात तिचा गुलाब संत्री घेऊन चढला.

"सरक माय, बसू दे."

अंबाबाई उठून उभी राहिली. सारी बस ऐकत होती.

"बसू नको. तू हिरोच्या उड्या पाहाले पळाला, अन् तिकडं एक पोरगी सोताले काळी समजून उपाशी हाये. उतर खाली. तिच्या दारात पहिले तू खरं बोलशीन, मंग मी."