फिल्टरनं गिळलेला पूर

बंडूचं नाव काढलं की मी भडकतो कशाला, असं विचारता ना? मग ऐकाच.

राजुऱ्याला पूर आला, पूल बुडाला. मी तिथला वार्ताहर. कमरेएवढ्या पाण्यातून फिरून बातमी लिहिली आणि सायबर कॅफेतून पेपरच्या नागपूर कार्यालयात ई-मेल केली. शेजारच्या जिल्ह्यातला, आरमोरीचा वार्ताहर बंडू तेव्हाही एसटीच्या ड्रायव्हरजवळ बातमीचं पाकीट द्यायचा. सकाळी पहिल्या पानावर बंडूचा धानबाजार, आणि माझा पूर कुठेच नाही!

मी कार्यालयातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरला फोन लावला.

"भाऊ, तुमच्या मेलमधी अक्षरं फुटली होती. फालतू मेल गाळणाऱ्या नव्या फिल्टरले कचरा वाटला, त्यानं मिटवून टाकली."

"आपला मराठी फॉन्ट लावला असता तर दिसली असती ना! वाचता नाई आलं तर बाजूले ठेवा, माणसाले दाखवा. फेकता काऊन?"

संपादकांशी तासभर भांडलो. शेवटी नियम झाला. फुटकी मेल फिल्टरनं मिटवायची नाही, वेगळी ठेवायची आणि ऑपरेटरनं फॉन्ट लावून वाचायची.

आठवड्यानं ऑपरेटरचाच फोन आला. "भाऊ, तुमच्या नियमानं पहिली बातमी बचावली! अर्धं पान लागली. संपादकसाहेब लय खूश हायेत."

"कोनाची?"

"बंडूभाऊची. मेल करनं शिकले ते. साहेब म्हणे, तुमच्या दोन्ही जिल्ह्यांत या वयात नवं शिकणारा एकच मानूस हाय."

मी हळूच विचारलं, "काऊन रे, तो फिल्टर पहिल्यासारखा करता येते काय?"